भिंतीपलीकडचा दुसरा कॉम्प्युटर

२००९ साली भरत मस्कतला कामाला होता. राजुरीच्या घरात त्याची बायको उज्ज्वला दर रविवारी दुपारी कॉम्प्युटरसमोर त्याच्या व्हिडिओ कॉलची वाट बघत बसे. पण महिनाभर चित्र अर्धवट येऊन थिजत होतं. भरतचं तोंड उघडंच राही आणि शब्द मागाहून येत.

"तुला एवढं साधं जमत न्हाई?" तो चिडून म्हणाला. नेमकं तेवढंच वाक्य स्वच्छ ऐकू आलं आणि कॉल तुटला.

उज्ज्वलानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? इंटरनेटचा वायरलेस डबा माळ्यावरून खिडकीत आणला. आड येणारं लोखंडी कपाट सरकवताना बोट चेचून घेतलं. कॉम्प्युटर तर कितीदा बंद-चालू केला. शेवटी तिनं इंटरनेटच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या माणसानं डब्याची सेटिंग उघडायला लावली.

"मॅडम, तुमच्या नेटवर दोन कॉम्प्युटर चालू आहेत."

"आमच्याकडं एकच आहे."

"मग कोणीतरी पिक्चर उतरवून घेतंय. पासवर्ड बदला."

दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव तिनं वाचलं. दादाभाऊ. भरतचा थोरला भाऊ, भिंतीपलीकडं राहणारा. जमिनीच्या वाटणीपासून त्यानं या घराशी बोलणं टाकलं होतं. ती नवा पासवर्ड टाकायला लागली, तशी सासू साळुबाई पुढं आली.

"नको बदलू. मीच सांगितला त्याला."

"आत्या, मी महिनाभर डोकं फोडतीये आणि तुमी गप बसला?"

"त्यानं असं व्हतं हे मला काय ठावं? मागायला आला व्हता गं. तीन वर्सांनी आई म्हणाला."

उज्ज्वलाच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. पासवर्ड तसाच ठेवून ती परसात गेली आणि भिंतीवरून म्हणाली, "भाऊ, घटकाभर तुमचं नेट बंद करा. ह्यांच्याशी बोलायचंय."

ती घरात आली. तिनं पुन्हा कॉल लावला, तेव्हा चित्र हलू लागलं. भरतची वाढलेली दाढी दिसली.

"वाळलास रं," साळुबाई म्हणाली.

"काय झालं व्हतं?" भरतनं विचारलं.

"डबा हलवला," उज्ज्वला म्हणाली.

तो लेकीच्या शाळेचं विचारत होता, तेवढ्यात चित्र पुन्हा थिजलं. उज्ज्वलानं कपाळावर हात मारला.

साळुबाई उठली. "थांब, आता मीच जाते पलीकडं," म्हणाली आणि अनवाणीच बाहेर पडली.