शेषाद्रीमामांची हिंदी

कुंभकोणच्या मराठी मंडळींच्या युवक संघातली अकरा मुलं दिल्ली बघायला निघाली, तेव्हा बरोबर मोठं माणूस कोण, यावर चर्चा झालीच नाही. घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ, एवढ्यावर जन्म काढणाऱ्या त्या मंडळींत हिंदीच्या सगळ्या परीक्षा दिलेले शेषाद्रीमामा एकटेच. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती प्रमाणपत्रं चौकटीत घालून भिंतीवर लावली होती, देवांच्या तसबिरींपेक्षा किंचित वर.

निघण्याआधी महिनाभर त्यांनी मुलांची शिकवणी घेतली. तिरुविडैमरुदूर, तिरुनागेश्वरम् अशा जवळच्या गावांतूनही मुलं बसने यायची आणि 'मैं संसद भवन के दर्शन का अभिलाषी हूँ' असं घोकायची. संघाची चिटणीस नंदिता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने एकदा विचारलं, "मामा, दिल्लीत असं कोण बोलतं?"

"शिकलेली माणसं बोलतात," मामा म्हणाले.

दिल्लीत पहिला दिवस बसमधून बघण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात जायला रिक्षा हव्या होत्या. मामांनी सदऱ्याची कॉलर नीट केली, पुढे झाले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "महोदय, क्या आप हमें संग्रहालय तक पहुँचाने की कृपा करेंगे?"

महोदय कोण, हे बघायला रिक्षावाला मागे वळला. मागे कोणी नव्हतं. "अंकल, रेडियो में समाचार पढ़ते हो क्या?" त्याने विचारलं.

मुलं हसली. मग सिनेमे बघून हिंदी शिकलेला उमेश पुढे झाला आणि "भैया, म्यूजियम चलोगे?" एवढ्यावर तीन रिक्षा ठरवून मोकळा झाला. वाटेत तो मामांना 'महोदय' म्हणू लागला. मामाही हसले, पण संग्रहालयाची तिकिटं काढायला त्यांनी उमेशलाच पुढे केलं. नंदिताने उमेशला कोपराने ढोसलं.

संग्रहालयात एका काचेसमोर बाप-लेक उभे होते. मुलगी नववीतली असावी. ती पाटी वाचून वडिलांना विचारत होती, "पापा, ये मृद्भांड क्या होता है?"

"होगा कुछ पुराना," वडील म्हणाले.

मामांना राहवलं नाही. "मृत्तिका-निर्मित पात्र," ते हळूच म्हणाले.

आता दोघंही गोंधळली. नंदिताने दोन्ही हातांनी हवेत एक गोल पोट काढून दाखवलं. "पॉट, अंकल. पानी का."

"अच्छा, घड़ा," वडील म्हणाले. "तो घड़ा लिख देते."

मुलगी मात्र मामांकडे बघत राहिली. "उत्खनन का अर्थ भी बताएँगे?" तिने विचारलं. तिची वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे घरात कोणालाच हिंदी येत नव्हती.

त्यानंतर दोन दालनं ती मामांच्या बरोबरीने चालली. ती विचारायची, मामा सांगायचे, तेही संधी-समास सोडवून. तिला सगळं कळत होतं. मागून येणाऱ्या मुलांपैकी कोणी हसलं नाही. उमेश तर म्हणाला, "मामा, अस्के शब्द तुमास येतात की. एकही सुटत नाही." मामांनी ऐकू न आल्यासारखं केलं, पण चाल ऐटदार झाली. निघताना मुलीच्या वडिलांनी त्यांचा फोन नंबर मागून घेतला.

परत आल्यावर महिन्याभराने नंदिता मामांच्या घरी गेली. दुपारची वेळ. आतल्या खोलीतून मामांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. ते फोनवर तत्पुरुष आणि बहुव्रीहीतला फरक समजावत होते. सीतालक्ष्मीमामी ओसरीवर चटई घालून बसल्या होत्या.

"रोज?" नंदिताने विचारलं.

"परीक्षा झाली तिची. पास झाली," मामी म्हणाल्या. "आता तिची मैत्रीण आहे. दिल्लीस तू नेलीस त्यांस. माझी दुपारची झोप आता तूच आणून दे."