शेवटच्या कुपीतील योनीपेशी

मी एक जुनी पेशी आहे, मित्रांनो. एका बाईच्या योनीमार्गाच्या आतल्या अस्तरातली. हा शब्द ऐकून मान खाली घालू नका. जीभ किंवा कान असावा, तसाच तो एक अवयव आहे.

कॅनडातल्या विनिपेग शहरातल्या एका शाळेत स्वयंपाक करणाऱ्या लुर्देसबाईंचे अंग बाहेर येत असे. शस्त्रक्रियेत उरणारा अस्तराचा तुकडा संशोधनाला द्याल का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "न्या की. कचऱ्यात जाण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येईल." त्यांनी सही केली आणि मी प्रयोगशाळेत आले. तेथे मला न थांबता वाढण्याची शक्ती दिली गेली. मला आणि माझ्या लेकी-नातींना कुप्यांत भरून अतिथंड टाकीत ठेवले.

प्रयोगशाळेतली डोरीन ह्रिंचुक चौदा वर्षे आम्हाला सांभाळत होती. आमचे गुलाबी पातळ अन्न ती स्वतःच बदलायची, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

एका जानेवारीत तिचे वरिष्ठ डॉ. पेनर यांनी योनीमार्गात लावायचे मलमासारखे एक जेल आणले. त्याने बायकांचा एचआयव्हीपासून बचाव होईल, अशी त्यांना आशा होती. दोनशे बायका ते वापरून पाहायला तयार होत्या. इतर अवयवांच्या पेशींना त्याने काहीच झाले नव्हते. आमच्यावर मात्र ते पडले आणि एकमेकींना धरलेले आमचे हात सुटले. अस्तराला भोके पडली. त्यांतून विषाणू सरळ आत शिरला असता.

"तुमच्या पेशीच बिघडल्यात," डॉक्टर म्हणाले. "फेकून द्या."

"तपासल्या मी. काही बिघडलेलं नाही."

"मग फारच नाजूक आहेत."

"बायकांचं अंग काय दगडाचं असतं, डॉक्टर?"

त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. "त्या बायकांना जेल द्यायचा होकार मला पंधरा दिवसांनी कळवायचाय. तोवर टाकीतल्या सुरुवातीच्या कुप्यांमधल्या पेशींवर हेच पुन्हा करून दाखवा."

तशा दोनच कुप्या उरल्या होत्या. पहिली कोमट पाण्यात वितळवली, तर आतल्या सगळ्या मेलेल्या. दुसरीत मी होते. डोरीनने तीही पाण्यात धरली. पहिले दोन दिवस मी ताटलीला चिकटलेच नाही. तिसऱ्या दिवशी चिकटले. मग दोन झाले, चार झाले, सलग अस्तर झाले. डोरीनने सहापैकी तीन ताटल्यांत जेल घातले.

होकाराच्या दिवशी सकाळी तिने ताटल्यांवरची नावे कागदाने झाकली आणि डॉक्टरांना बोलावले.

"जेल कुठल्या ताटल्यांत आहे, तुम्हीच सांगा."

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते एकेक ताटली सरकवत गेले. तीन बाजूला काढल्या. डोरीनने कागद काढले. तिन्ही जेलच्या होत्या.

डॉक्टरांनी फोन उचलला. "त्या बायकांना कळवा, जेल द्यायचं नाही. हो, माझ्याच सांगण्यावरून."

जेलखाली गेलेल्या माझ्या बहिणी त्या दुपारी जाळण्याच्या पिशवीत गेल्या. वाचलेल्यांना डोरीनने नव्या कुप्यांत भरले आणि जेलचे काम पहिल्यापासून सुरू झाले.

मित्रांनो, मला बोलता येत नव्हते. माझ्या बहिणींना मरून सांगावे लागले. तुमच्या घरातल्या बायकांना बोलता येते. तिथे आग होते, दुखते, असे कुणी म्हणाली तर तिला गप्प बसवू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.