पाटावरचं कुलूप

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, यात वाईट काही नाही. पण सुपरवायझर सुगंधाला एकदा उत्साह चढला की आवरणार कोण? मुलुंडच्या त्या साबण पावडरीच्या कारखान्यात तिने पाने, पकडी, हातोडे घासूनपुसून पाटावर मांडले. मिक्सरच्या मेन स्विचला लाल कुलूप लटकत होतं. तेही हत्यारच की. ऑफिसातली जादा चावी आणून तिने ते काढलं, हळदकुंकू लावलं आणि पाटावर ठेवलं. मशीनमध्ये उतरणाऱ्याने स्विच बंद करून आपलं कुलूप लावायचं आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, हा नियम बाईला तोंडपाठ होता. पण सणाच्या दिवशी कोण काम करतंय, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं.

आरती झाली. स्पीकरवर गाणी दणाणत होती. मालक भाऊराव म्हणाले, "यंदा मिक्सरचा मुहूर्त श्वेतावहिनींच्या हातून. सुबोध कुठाय?"

सुबोध म्हणजे इथला फिटर, श्वेता त्याची बायको.

"नारळ आणायला गेला असेल," कुणीतरी म्हणालं.

भाऊरावांनी खूण केली आणि सुगंधाने मेन स्विच वर करून वीज चालू केली. श्वेता लाजत मिक्सरच्या बटणाकडे निघाली. नवी साडी, हातात ओवाळणीचं ताट.

तेवढ्यात सुगंधाला मिक्सरच्या शिडीखाली सुबोधच्या चपला दिसल्या.

मेला पूजेआधी पाती साफ करायला आत उतरलाय. आणि त्याचं कुलूप मी काढलं. देवा, मी काढलं. ती ओरडली, "वहिनी, दाबू नका, सुबोध आत आहे," पण गाण्यात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. मध्ये माणसं, समया, फुलांच्या टोपल्या. कुणाच्या अंगावर पाय पडला, समई कलंडली. श्वेताने ताट खाली ठेवलं, पदर सावरला. सुगंधाने दोन्ही हातांनी स्विचचा दांडा धरला आणि सगळं अंग टाकून खाली ओढला.

मशीन गप्प. बाकीचे हसले. सुगंधा दांड्याला लोंबकळत रडत होती.

कुणीतरी स्पीकर बंद केला. मग आतून ठकठक झाली आणि पांढऱ्या पावडरीने माखलेलं सुबोधचं डोकं वर आलं. "काय रे, पूजा सुरू झाली काय?"

सुगंधा त्याच्याकडे बघू शकली नाही. "मी काढलं तुझं कुलूप," एवढंच तिला बोलता आलं.

सुबोधचा चेहरा उतरला. शिडीची कड पकडून तो तिथेच बसला.

श्वेता बटणापाशीच उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग आपल्या बोटाकडे.

"मी दोनदा दाबलं," ती म्हणाली.