लोड होईपर्यंत

मगन हुशार होता, याबद्दल माझं दुमत नाही. फक्त ती हुशारी नको तिथे खर्च व्हायची.

तो माझा कॉलेजमधला मित्र, धुळ्याच्या एका शाळेत शिकवायचा. त्याच्याकडे टीव्हीला जोडायचा छोटा होम कॉम्प्युटर होता. पोरांना त्यावर अक्षरं गिरवता यावीत, हे त्याचं वेड. पण त्या मशीनची मेमरी एवढीशी, की तिथेच बसून प्रोग्राम लिहिणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून मी जळगावला, ज्या क्लासमध्ये शिकवायचे तिथल्या पीसीवर प्रोग्राम लिहायचे, त्याच्या मशीनला कळेल अशा कोडमध्ये बदलायचे आणि टेपरेकॉर्डरला वायर लावून कॅसेटवर उतरवायचे. रविवारी एसटीनं धुळं गाठायचं.

ड्रायव्हरच्या हाती कॅसेट पाठवत जा, असं मगन एकदा म्हणाला होता. उन्हानं खराब होते, असं मी ठणकावून सांगितलं. माझ्या पर्समधली कॅसेटही एरंडोल-पारोळ्याच्या त्याच उन्हातून येते, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

कॅसेट लावली की प्रोग्राम मशीनमध्ये लोड होईपर्यंत पाचेक मिनिटं कर्कश आवाज आणि टीव्हीच्या कडेला पळणारे रंगीत पट्टे. टेबलाला धक्का लागू नये म्हणून आम्ही दोघं शेजारी शेजारी गप्प बसायचो. लोड फसलं की तो वैतागायचा आणि मी मनातल्या मनात खूश. कॅसेट पुन्हा मागे, पुन्हा पाच मिनिटं. आठवडाभर मी त्या मिनिटांचीच वाट बघायचे. मनातलं सांगायचं मात्र दर वेळी राहून जायचं.

नव्वद सालच्या दिवाळीनंतर गेले, तर टेबलावर नवाकोरा पीसी. त्याची केबल थेट छोट्या मशीनला. मगननं बटण दाबलं आणि टीव्हीवर ‘अ’ उमटलासुद्धा.

“आता ताटकळायला नको. इथेच लिहायचं, इथेच बघायचं. तुझाही हेलपाटा वाचला,” तो म्हणाला.

त्याच्या आई, भिकुबाई, चहा घेऊन आल्या. “हाई मशीन मगनना सासरानी दिधं, पोरी. धरणगावनी पोर शे. साखरपुडा व्हई गया.”

“तुला आज सांगणारच होतो,” मगन लाजत म्हणाला.

मी अभिनंदन केलं. चहा बाजूला ठेवून पर्समधून कॅसेट काढली.

“आणलीच आहे कॅसेट, तर एकदा लावून बघू,” मी म्हटलं.

“आता कशाला?”

“लाव ना.”

त्यानं लावली आणि शेजारी बसला. आवाज सुरू झाला. या वेळी मी पट्ट्यांकडे बघितलं नाही, सरळ त्याच्याकडे बघत राहिले. तो टीव्हीकडे बघत होता. फसू दे, एकदाच फसू दे, असं मी मनात म्हणत होते. टेबलाला आपणच धक्का द्यावा असंही वाटलं. हात उचलला नाही.

कधी नव्हे ते पहिल्याच फटक्यात लोड झालं, आणि मगन खूश झाला.