इस्त्री फिरलेलं पान

घरातली बुरशी टिटवीला तिच्या बाबांच्या आधी कळली होती. अखंड बडबडते म्हणून तिला टिटवी म्हणत. तिला दिसत नव्हतं, पण नाक मोठं तिखट होतं.

"बाबा, कपाटात ओल्या मोज्यांचा वास येतोय."

"तुझेच असतील. शोध."

बाबांनी ते हसण्यावारी नेलं. त्यांचा धंदा इस्त्रीचा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत बापलेकीचं घर. दिवसभर इस्त्रीची वाफ, दोरीवर ओल्या चादरी, आणि रस्त्यावरची काजळी पांढऱ्या कपड्यांवर बसू नये म्हणून खिडक्या कायम घट्ट लावलेल्या. वाफेला बाहेर पडायला वाटच नव्हती. मग ती घरातली सगळ्यात गार जागा गाठायची, म्हणजे मागची भिंत, आणि तिथे पाणी होऊन मुरायची. भिंतीवर काळे ठिपके उठले की बाबा वरून रंग फासायचे. शेवटी त्यांनी कपाटच भिंतीला चिकटवून उभं केलं. डाग दिसेनासे झाले आणि त्यांच्या लेखी प्रश्न मिटला.

त्याच कपाटात आईचं पुस्तक होतं. आजारपणात अंथरुणावर बसून आईने जाड कागदावर टोचणीने एकेक ठिपका उठवून टिटवीसाठी गोष्टी लिहिल्या होत्या. बोटांनी वाचायची ब्रेल लिपी आई टिटवीच्या शाळेतल्या बाईंकडून त्यासाठीच शिकली होती. बाबांना ती येत नव्हती. या गोष्टी शाईने कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. आई गेल्यावर टिटवीने सगळ्या वाचून काढल्या; फक्त शेवटची मुद्दाम ठेवली.

"ती वाचली की आईचं बोलणं संपलं," ती म्हणायची.

टिटवी शाळेत असताना बाबांनी चादरी ठेवायला कपाट उघडलं. पुस्तक भिजल्या पावासारखं फुगलं होतं. मागची पानं भिंतीकडे होती. ती लोळागोळा होऊन चिकटली होती आणि त्यांच्यावर हिरवट भुकटी धरली होती. पोरीला काय सांगायचं? ओलं, चुरगळलेलं काही हातात आलं की काय करायचं, हे मात्र त्यांच्या हातांना पाठ होतं. त्यांनी सगळ्यात ओली, शेवटच्या गोष्टीची तीन पानं हलक्या हाताने सोडवली, भुकटी पुसली, वर पातळ कापड घातलं आणि मंद इस्त्री फिरवली. डाग तेवढा राहिला, पण पान कसं सपाट, करकरीत निघालं. त्यांना हायसं वाटलं. त्यांनी दुसरं घेतलं. मग तिसरं.

तेवढ्यात बाई टिटवीला घेऊन दारात आल्या.

"बाबा, माझ्या पुस्तकाचा वास येतोय. बाहेर काढलंत?"

"जरा ओल लागली होती. वाळवतोय."

टिटवीने टेबल चाचपलं. वरच्या पानावर बोटं डावीकडून उजवीकडे गेली, खाली उतरली, परत गेली.

"हे कोरं पान कुठलं?"

बाबांनी पानाकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. इस्त्रीने ठिपकेच सपाट झाले होते.

"आईनंच सोडलं असेल कोरं," ते कसेबसे म्हणाले.

"बाबा, पान गरम आहे."

टिटवीने पुस्तकावर झडप घातली आणि उरलेली ओली पानं भराभर चाचपू लागली.

"हात काढ!" बाई ओरडल्या. "ओल्या कागदावर बोट घासलंस तर आहेत तेही ठिपके दबतील."

"मग वाचू कशी? बुरशी खाऊन टाकेल ना सगळं!"

"वाळल्यावर वाच. आधी इथली वाफ थांबली पाहिजे. इस्त्री बंद करा. खिडक्या उघडा."

"गिऱ्हाइकांचे कपडे आहेत, बाई. काजळीनं—"

"बाबा!" टिटवी किंचाळली.

बाबांनी इस्त्री बंद केली. खिडक्या रंगाने चिकटल्या होत्या. त्यांनी लाथ घालून उघडल्या. चादरी ओढून अंगणात फेकल्या. नाकाला फडकं बांधून पुस्तक बाहेर सावलीत नेलं, मऊ कुंचल्याने भुकटी झाडली, पानापानांत कोरडा कागद सारला. कागद ओलावला की बदलायचा, वर वजन ठेवायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही, असं बाई सांगत होत्या आणि बाबा खाली मान घालून करत होते. कपाट त्यांनी भिंतीपासून ओढलं. मागची भिंत काळीठिक्कर होती.

"सुरुवातीच्या गोष्टी शाबूत राहतील," बाई हळूच म्हणाल्या. "पण शेवटची..."

टिटवी ती तीन पानं छातीशी धरून पायरीवर बसली होती. ती रडत नव्हती, बडबडतही नव्हती. बाबांना ते पाहवेना. ते तिच्याशेजारी जाऊन बसले. ऊन उतरलं होतं, तिरपं येत होतं. तिच्या हातातलं पान हललं आणि बाबांचं लक्ष त्यावर खिळलं. इस्त्रीखाली दबलेली शिवण कापडावर चमकते, तसे बारीक चमकते गोल त्यांना पानावर दिसले.

"टिटवे, मला ठिपक्यांच्या खुणा दिसतायत गं. वाचता येत नाहीत."

ती दचकली. "अक्षराला सहा जागा असतात. दोन उभ्या रांगा, तीन-तीन. पहिलं बघा. कुठे कुठे आहे?"

"डावीकडे... मधे एक, खाली एक. उजवीकडे वर एक, मधे एक."

"त. पुढचं?"

"डावीकडे वर आणि खाली. उजवीकडे फक्त खाली."

"उकार. म्हणजे तु. लवकर, बाबा. ऊन आहे तोवर."

बाबांनी पान तिरपं धरलं. एकेक खूण पुटपुटत ते पुढे सरकले आणि टिटवीने अक्षरं जुळवली.

"तुझे बाबा," तिने वाचलं. "बाबा काय? पुढे काय आहे?"

पुढे बुरशीचा काळा डाग पसरला होता. बाबांनी पान डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं, वाकडं केलं.

"डाग आहे गं."

"डागाच्या कडेला काही?"

बाबा उन्हाकडे सरकले आणि पुन्हा पाहू लागले.