पडद्यामागची झडती

जालन्याच्या रेल्वे ठेसनावर निजाम सरकारचा जकातीचा नाका होता. त्या खात्याला करोडगिरी म्हणायचे. गाडीनं आलेल्या बाप्यांची झडती शिपाई घ्यायचे आणि पडद्यामागं बायांची झडती घ्यायची गोजरबाई. नवरा गेल्यावर ही नोकरी तिला नाक्याचे अमीन, म्हणजे मुख्य अंमलदार, ख्वाजामियाँ यांनी दिली होती. तेव्हा त्यांनी एकच बजावलं होतं, "हाताला लागंल तेच बोलायचं. कमी न्हाई, जास्ती न्हाई."

गोजरबाई ते इमानानं पाळायची. जरा जास्तच इमानानं, असं बाया म्हणायच्या. तान्ह्या पोराच्या झोळीतलं धडुतंसुद्धा ती झटकून बघायची.

एके दिवशी मनमाडच्या गाडीनं तालुकदारसाहेबांची मेहुणी उतरली. तालुकदार म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचा धनी. शिपाई लगेच इकडं तिकडं पांगले. गोजरबाईनं मात्र नेहमीसारखा हात फिरवला, तर बाईसाहेबांच्या कमरेला गुंडाळलेलं रेशमी कापड लागलं. "साहेब, माल हाय!" ती ओरडली. अमीनसाहेबांनी कापड जप्त करून त्यावर लाखेची मोहोर ठोकली.

तालुकदार भडकला. जिल्हा माझा, हा कोण टिकोजीराव? अमीनसाहेबांनी कळवलं, की जिल्हा आपला, पण नाका करोडगिरीचा. दंड भरा आणि कापड न्या. महिनाभर दोन कचेऱ्यांत कागदांची मारामारी चालली. शेवटी चौकशी लागली आणि सगळं येऊन ठेपलं गोजरबाईच्या जबानीवर.

आदल्या दिवशी तालुकदाराचा कारकून रामराव तिच्या दारात उभा राहिला.

"गोजरबाई, हे झोपडं सरकारी जागेत हाय, म्हाईत हाय ना?"

"बारा वर्सं झाली की, दादा."

"साहेबांनी मनात आणलं तर बारा घटकाबी लागायच्या न्हाईत." एवढं बोलून तो चालता झाला.

चौकशीच्या वेळी अमीनसाहेब निवांत बसले होते. त्यांना तिची खात्री होती, आणि तेच वाईट होतं.

"हाताला काही लागलं न्हाई," गोजरबाई खणखणीत आवाजात म्हणाली. "कापड नाक्यावरच पडून होतं. अमीनसाहेबांनी वरडाय सांगितलं, म्हणून वरडले."

खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात. तिची जराही अडखळली नाही, याचीच तिला पुढं लाज वाटत राहिली. ख्वाजामियाँनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. जसं काही खोटं तेच बोलले होते.

त्यांची नोकरी गेली. महिन्याभरानं ते गाव सोडायला बायकोला घेऊन ठेसनावर आले. नवा अमीन तालुकदाराच्या मर्जीतला. त्यानं मुद्दाम हुकूम सोडला, "झडती घ्या. बाईचीबी."

पडद्यामागं ख्वाजामियाँची बायको कमरबी येऊन उभी राहिली. दर ईदेला शीरखुर्म्याचा डबा गोजरबाईच्या घरी धाडणारी हीच. गोजरबाईचे हात उचलेनात. तेव्हा कमरबीनंच आपले दोन्ही हात वर केले.

"देख, गोजर. बराबर देख. हाथ को जो लगेगा, वहीच बोल."

गोजरबाईनं झडती घेतली. अंगावर साधा डागिना नव्हता. होते नव्हते ते महिनाभरात विकून खाल्ले असणार. तिच्या हाताला नुसत्या बरगड्या लागल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हाताला काही लागलं न्हाई, साहेब!" तिनं बाहेर ओरडून सांगितलं.

या खेपेला ते खरं होतं. पण शब्द तेच निघाले, आणि आवाजही तसाच खणखणीत. पडद्याच्या फटीतून तिला दिसलं, बाकावर बसलेल्या ख्वाजामियाँनी पुन्हा मान खाली घातली होती.