माझ्या बाराव्या पानावरचे नाणे

मी जुना आहे हे वेगळे सांगायला नको. माझ्या पाठीची उसवलेली शिवण पाहिली की कुणालाही ते कळते. मी नाण्यांचा अल्बम आहे. वर तपकिरी पुठ्ठा, आत मऊ प्लास्टिकची वीस पाने आणि प्रत्येक पानाला बारा खिसे. मित्रांनो, आज मी मागीलदारी कचऱ्याच्या डब्याला टेकून उभा आहे. माझ्यापाशी वेळ थोडा आहे, म्हणून लांबण लावत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम यंत्राखाली प्लास्टिकचे दोन थर दाबून माझे खिसे पाडले गेले. नव्या प्लास्टिकला एक वास असतो ना, तो माझ्या अंगाला भलताच येत असे. दुकानात माझ्या शेजारी कागदी पानांचा एक साधा अल्बम होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. मला मात्र सगळे उघडून बघत, पाने मऊ आहेत म्हणून हात फिरवत. मी भाव खात असे, खोटे कशाला बोलू?

मला एका घड्याळजींनी विकत घेतले. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइके कधी परदेशचे, कधी चलनातून बंद पडलेले नाणे पुढे करीत. बाबा ते बाजूला ठेवत. रविवारी दुपारी टेबलावर पांढरा कपडा अंथरून ते चिमट्याने एकेक नाणे माझ्या खिशात सरकवत आणि त्याच्यामागे कागदाची चिठ्ठी घालत. नाणे कुणाकडून मिळाले, कधी मिळाले आणि त्यात काय पाहायचे, हे सगळे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेले असे.

मुलांसाठी बाबांचा एकच नियम होता, "हात लावायचा नाही." एकदा सहा वर्षांच्या मुलाने माझ्या बाराव्या पानावरचे तांब्याचे नाणे बाहेर काढले. टांकसाळीत ठसा मारताना ते जागचे हलले होते, त्यामुळे त्यावरचे चित्र एका बाजूला सरकून अर्धे कडेबाहेर गेले होते. पोराला त्याची गंमत वाटली. तेवढ्यात बाबा आले आणि त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. हात का लावायचा नाही, ते मात्र त्यांनी त्या दिवशीही सांगितले नाही. मुलगा पुन्हा कधी माझ्याजवळ फिरकला नाही.

बाबा गेले आणि मी कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर जाऊन बसलो. सहा उन्हाळे तिथेच काढले. वर छप्पर तापे, माझी पाने एकमेकांना चिकटत, नाण्यांवर हिरवट ओलावा चढे. वय झाले की असे व्हायचेच, असे मी स्वतःला समजावत होतो. एक दिवस ताईने स्टुलावर चढून मला खाली घेतले.

ताई म्हणजे बाबांची मुलगी. तिचा धाकटा भाऊ म्हणजे तोच धपाटा खाल्लेला मुलगा. केस पिकले तरी घरात त्याला छोट्याच म्हणतात. बाबांचे दुकान तो चालवतो. ताईच्या वाट्याला बाबांची आठवण म्हणून एकटा मीच उरलो होतो, आणि तोही अर्धाच, कारण माझ्यावर दोघांचा हक्क होता.

"ताई, चांदीची तीस-चाळीस तरी निघतील," छोट्या म्हणाला. "सराफ वितळवून घेतो. उरलेली भंगारात देऊ."

"आणि बाबांनी एवढं जमवलं, त्याचं काय?"

"बाबा त्यात नाहीत गं. मला तर तो अल्बम दिसला की पाठ दुखते."

बरीच बाचाबाची झाली. शेवटी ताई म्हणाली, "रविवारी चार वाजता नाण्यांची पारख करणाऱ्या बाई येतील. जपण्यासारखं आहे म्हणाल्या, तर सगळं माझ्याकडे राहील. नाही म्हणाल्या, तर सोमवारी खुशाल सराफाकडे ने."

"ठरलं. मग रडायचं नाही हं," छोट्या म्हणाला.

दोनशे चाळीस नाणी माझ्या भरवशावर होती, आणि त्यांचा निकाल एका अनोळखी बाईंच्या हाती होता.

रविवारी सकाळी ताईने मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवले. शेजारी भांडी घासायची पावडर, लिंबू आणि जुना टूथब्रश पाहून माझी पाचावर धारण बसली. पाहुण्या बाईंपुढे नाणी लखलखली पाहिजेत, असे तिने ठरवले होते. तिचा हेतू किती चांगला होता! पण नाणे कधी घासायचे नसते हे बाबांना ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि तिला कुणी सांगितलेच नव्हते. तिने पहिले चांदीचे नाणे काढले आणि घासले. ते पांढरेफटक झाले. ती खूश होऊन दुसऱ्याकडे वळली. मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती.

पानागणिक एकेक अशी अकरा पानांवरची अकरा नाणी झाली. मग तिने बाराव्या पानावरच्या तांब्याच्या नाण्याला हात घातला. तिने ओढले, ते निघेना. नखाने उचकटले, तरी निघेना. ते माझ्या प्लास्टिकला घट्ट चिकटले होते. "हे राहू दे. एवढी पुरेत," असे पुटपुटून ताईने हात धुतले, आणि माझ्या जिवात जीव आला.

बरोबर चार वाजता पारखी बाई आल्या. छोट्या कोपऱ्यातल्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला होता. बाईंनी सुती हातमोजे चढवले, डोळ्याला भिंग लावले आणि पहिलेच लखलखते नाणे उचलले. ते उजेडाकडे धरून त्यांनी तिरके करून पाहिले.

"ही कुणी घासली?"

"मी," ताई म्हणाली. "सकाळीच. चांगली दिसावीत म्हणून."

"वरचा काळपटपणा म्हणजे मळ नव्हता हो. ती त्यांची कातडी होती. आता नुसते ओरखडे राहिलेत. ही अकरा गेली."

ताईचा चेहरा एवढासा झाला. आता छोट्या हसणार, असे मला वाटले. पण तो ताडकन उठला. "तिला कसं कळणार? आम्हाला कधी कुणी काही सांगितलं का? हात लावायचा नाही, बस्स! एवढंच आमचं शिक्षण!"

बाईंनी त्याला बोलू दिले. मग त्यांनी माझे एक पान नाकाशी नेले. "हा वास केव्हापासून येतोय?"

"पहिल्यापासून. बाबांच्या अल्बमचा वास आहे तो," ताई म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच जरा हसली होती.

"हाच घात करतोय. हे प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात रसायन घालतात. जुनं झालं की ते पाझरतं आणि नाणं खातं. हा हिरवा चिकटा बघा. या नाण्यांना हवेनं काही केलेलं नाही. अल्बमच त्यांना सडवतोय."

मित्रांनो, मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. ज्यांना मी इतकी वर्षे उराशी धरले, त्यांना मीच खात होतो. ज्या वासावर मी भाव खाल्ला, तो विषाचा होता. तो कागदी अल्बम माझ्यापेक्षा हजारपटीने बरा होता.

बाईंनी वीसही पाने पाहिली, चिठ्ठ्या वाचल्या. "बरीचशी नाणी साधीच आहेत. पण प्रत्येकाची अशी नोंद ठेवलेला संग्रह क्वचित बघायला मिळतो. चिठ्ठ्यांसकट एकत्र राहिला, तर नक्कीच जपण्यासारखा आहे. फक्त आजच्या आज सगळं बाहेर काढा. या अल्बममध्ये राहणार असेल तर माझा निकाल 'नाही' असाच आहे. थोड्या वर्षांत काही हाती लागणार नाही."

ताईने माझ्यावर दोन्ही हात ठेवले. "नाही. बाबांनी स्वतः लावलीत ही. मी नाही मोडणार."

मी मनातल्या मनात ओरडत होतो, अगं, सोड मला! तिचे हात हलेनात. आता सराफाकडची वाट मोकळी झाली होती आणि छोट्या नुसता गप्प बसला असता तरी पुरे होते. तो उठून तिच्या शेजारी येऊन बसला.

"ताई, घामानं पट्टा सडला आणि घड्याळाला गंज चढायला लागला, की बाबा काय करायचे?"

"काय?"

"पट्टा फेकायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, बायकोनं दिलाय, आईनं दिलाय. बाबा ऐकायचे नाहीत. विचारायचे, घड्याळ वाचवायचंय की पट्टा? मी शेजारी बसून शंभरदा ऐकलंय."

ताईने हात काढून घेतले.

छोट्याने दुकानातून चिमटे आणले, ताईने खिडक्या उघडल्या. बाईंनी बशीत एक उग्र वासाचे द्रावण ओतले. एकेक नाणे त्यात बुडे आणि हिरवा चिकटा सुटे. चिठ्ठ्या नाण्यांच्या क्रमाने कपड्यावर मांडल्या जात होत्या. शेवटी राहिले बाराव्या पानावरचे ते नाणे.

"ओढू नका," बाई म्हणाल्या. "खिसाच कापा."

घड्याळाचे केसाएवढे काटे बसवणारा छोट्याचा हात, पण पाते खिशाच्या कडेशी नेऊन त्याने ते परत मागे घेतले. पाते जरा घसरले असते तर नाण्यावर कायमचा चरा उमटला असता. "मी पान ताणून धरते," ताई म्हणाली. "तू काप."

पाते माझ्या अंगातून सरसर गेले. मी हूं का चूं केले नाही. नाणे सुटले, बशीत पडले आणि स्वच्छ होऊन चिमट्याने बाहेर आले. बाईंनी त्यावर भिंग धरले. "इथे कडेला कुणाच्या तरी बोटाचा ठसा आहे. तांब्यात मुरलाय, आता निघायचा नाही. बोट लहान मुलाचं दिसतंय."

ताईने चिठ्ठी उचलली आणि वाचली. "ठसा सरकलेले नाणे. मिळायला कठीण. कडेचा डाग छोट्याच्या बोटाचा. घामाने तांबे डागते, हे त्याला सांगायचे राहिले."

छोट्याने चिठ्ठी हातात घेतली. स्वतःचा डोळा त्याच भिंगाला लावून तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला. मग त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "सराफाचं नाव काढायचं नाही या घरात."

नाणी आता बाईंनी दिलेल्या कागदी पाकिटांत आहेत. मला मागीलदारी आणून ठेवले, पण ताई तेव्हापासून दोनदा बाहेर येऊन गेली. दुसऱ्यांदा तिने मला उचललेसुद्धा. आठवण म्हणून रिकामाच ठेवू, असे तिच्या मनात आहे. पण मी कपाटात परत गेलो, की उद्या कुणाचे तरी पोर चार नवी नाणी आणून माझ्याच मऊ खिशात सरकवणार.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारख्या सगळ्या जुन्या वस्तू जे मागतात, ते मी तुमच्याजवळ मागत नाही. मला जपा असे मी म्हणणार नाही. घरी जा, तुमच्या आवडीच्या वस्तू कशात ठेवल्या आहेत ते उघडून बघा, वास घ्या, बोटाला चिकटते का पाहा. चिकटत असेल तर त्या आजच बाहेर काढा. आणि ताई पुन्हा दारात आली आहे. तुमच्यापैकी कुणी जवळ असेल, तर तिला सांगा, माझ्यावर दया करू नकोस.